चौथ्या ओळीची बांगडी

"हात ढिला सोड. अशी दगड होऊन बसलीस तर बांगडी जायची कशी?"

आईंनी माझी बोटं एकत्र दाबली, अंगठ्याच्या बुडाशी आपला अंगठा रोवला आणि हिरवी बांगडी अलगद मनगटावर सारली. मी मुकाट खाली बघत होते. दुसऱ्या दिवशी माझं लग्न होतं आणि माझे हात भरत होती ती माझी सासू. होणारी नव्हे, आधीची.

करमाळ्यात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं बांगड्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. गल्ल्यावर माझे सासरे, अण्णा, आणि पाटावर आई. गावात त्यांना सगळे गोदामावशी म्हणायचे. आई माणसाचं मनगट आधी बघायच्या आणि तोंड मग. रस्त्यात कुणी भेटलं आणि मी विचारलं, "कोण होत्या हो त्या?" तर म्हणायच्या, "नाव न्हाई आठवत. सव्वादोनचं माप हाय, डाव्या हाताचं हाड वर आलेलं."

पण गोदामावशींची खरी ख्याती वेगळीच होती. लग्न ठरलेली मुलगी हात भरायला पाटावर बसली की त्या पहिली बांगडी चढवताना विचारायच्या, "नवऱ्याचं नाव काय गं?" मुलगी लाजायची, बरोबरची मावशी-काकू सांगायची. मग आई बांगड्या भरता भरता तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत राहायच्या. एक हात भरेपर्यंत दोन ओळी, दुसरा भरेपर्यंत तिसरी, आणि चौथी ओळ बसली की त्या खुदकन हसायच्या. त्या मुलीसाठी अख्खं मंगलाष्टक तयार झालेलं असायचं. चौथी ओळ मोठ्यांदा म्हणून दाखवायची आणि पेटीतून आपल्याकडची एक बांगडी काढून डाव्या हातात वर घालायची, ही त्यांची रीत. तिला सगळा तालुका 'चौथ्या ओळीची बांगडी' म्हणायचा. ती विकत मिळत नसे. शिक्षण तिसरीपर्यंत, पण शेकडो लग्नांत उभं राहून चाल कानात इतकी मुरली होती की मात्रा चुकलेली त्यांना तांदळातल्या खड्यासारखी लागायची.

माझ्या पहिल्या लग्नात माझ्यासाठीही त्यांनीच म्हटलं होतं. तेव्हा त्या नवऱ्यामुलाची आई होत्या आणि आवाज असा लागला होता की बँडवाल्यांनी आपली वाद्यं खाली ठेवली होती.

माझा नवरा, विलास, गेला तो काविळीनं. आठवड्याभरात होत्याचं नव्हतं झालं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि पदरात मूलबाळ नव्हतं. नंतरच्या दिवसांत नात्यातल्या बायका माझ्या बांगड्या फोडायला बसल्या, तेव्हा आई उठून मध्ये आल्या. "कासाराच्या घरात बांगडी फोडत न्हाईत," एवढंच बोलल्या. मला न्हाणीत नेलं, हाताला साबण लावला आणि एकेक बांगडी अख्खी काढली. त्या वेळी दोघींपैकी कुणीही रडलं नाही, हे मला अजून आठवतं.

दुकान महिन्याभरानं उघडलं. आई पुन्हा पाटावर बसू लागल्या. लग्नाच्या मुली यायच्या, हात भरून जायच्या. पण "नवऱ्याचं नाव काय गं?" हा प्रश्न काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. मुली वाट बघायच्या, मग हिरमुसून उठायच्या. चौथ्या ओळीची बांगडी पेटीत तशीच राहिली. पुढे पुढे लोकांनीही वाट बघणं सोडलं. ज्या बाईचा तरणा पोरगा गेला तिच्या तोंडचं मंगलाष्टक आपल्या पोरीला कशाला, असंही काही जणी दुकानाच्या पायरीवरच बोलायच्या. आवाज खाली आणायचीही तसदी त्या घेत नसत.

अशी चार वर्षं गेली. माझ्या माहेरी फक्त एक भाऊ, दादा, तोही लांब नांदेडला. त्यामुळे मी त्या दोघांजवळच राहिले होते आणि माझी काही तक्रार नव्हती. माझ्या लग्नाचा घाट घातला तो आईंनीच. मी भांडले, दोन दिवस जेवले नाही, नाही नाही ते बोलले. "तुम्हाला मी जड झाले का?" असंसुद्धा बोलले. आई शांतपणे म्हणाल्या, "व्हय, जड झालीस. तुझं मनगट बघवत न्हाई मला."

स्थळ आलं ते कुर्डुवाडीचं. प्रभाकर नाव, घड्याळ दुरुस्तीचं छोटंसं दुकान. बहिणींची लग्नं करता करता चाळिशी आली आणि स्वतःचं राहून गेलं. आईवडील लहानपणीच वारलेले, सांभाळलं ते वेणूआत्यानं. आईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चहाचा कप देताना हात निरखून घेतला. नंतर मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "हात बरा हाय. थरथरत न्हाई."

वेणूआत्या बाई रोखठोक. विधवेला सून करून घेण्याबद्दल त्यांनी नाक मुरडलं नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. पण निघताना दारात थांबून त्या आईंना म्हणाल्या, "एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. आमच्या पोराचं हे पहिलंच लगीन हाय. मांडवात तुमच्या पोराचं नाव निघायला नगं. पत्रिकेत नगं, बोलण्यात नगं. गेलेल्या माणसाचं नाव शुभकार्यात बरं न्हवं."

आई म्हणाल्या, "न्हाई निघायचं."

प्रभाकर तिथंच चपला घालत होता. त्यानं ऐकलं, आणि काही बोलला नाही. मला त्याचा राग आला. बाकी माणूस वाईट नव्हता, पण अशा वेळी गप्प बसणाऱ्या माणसाबरोबर उरलेला जन्म काढायचा, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही. मी होकार दिला तो एका अटीवर. आईंना म्हणाले, "माझं मंगलाष्टक तुम्ही म्हणायचं. बांधलेलं, माझं, चारही ओळींचं. ते झालं नाही तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही."

आई हसल्या. "जिरवायला बघतीस व्हय माझी?"

मी जिरवायला बघत नव्हते. मला भीती वाटत होती. मी गेल्यावर त्या घरात दोन म्हातारी माणसं आणि काचेच्या बांगड्या, एवढंच राहणार होतं. आईंच्या तोंडून पुन्हा चार ओळी निघाल्या तर त्या तरल्या असं मी समजणार होते, आणि मगच माझा पाय तिथून निघणार होता.

तर लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारी, दुकान अर्धं लावून मी पाटावर बसले होते.

"किती ओळी झाल्या?" मी विचारलं.

"तीन." आईंनी उजवा हात पुरा केला आणि डावा ओढला. "म्हणू?"

"म्हणा की."

त्यांनी घसा खाकरला. आवाज आधी खालीच लागला, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या दारासारखा अडत अडत. पण चाल तीच होती.

"वाळोनी गळली जरी, तरुवरा पाने पुन्हा कोवळी
आटोनी विहिरी जरी, झिरपते पाणी पुन्हा त्यां तळी
ज्या हाती न उरे चुडा, मनगटा त्या ये पुन्हा पालवी"

मला हुंदका आला. गल्ल्यावर अण्णांनी उगीचच पेटीतली चिल्लर खाली-वर केली.

"आणि चौथी?"

 आईंनी एक बांगडी चढवली, दुसरी चढवली. मग म्हणाल्या, "देते आज, एवढं आलंय. पुढं माय दुहिता, कुर्यात् सदा मंगलम्. दुहिता म्हंजी लेक. सून म्हणून न्हाई द्यायची तुला, लेक म्हणून द्यायची. मधी एक शब्द बसंना."

मी ती ओळ जागच्या जागी म्हणून बघितली. त्यांच्याजवळ राहून माझाही कान तयार झाला होता. "सोपं आहे की. 'देते आज सुखात माय दुहिता'. बसला बघा. सुखात."

"बसतोय. मी पण तोच आधी घातला हुता." त्यांनी माझ्या हाताकडे बघत मान हलवली. "पर खोटा हाय. खुशीनं देतीय मी तुला, मनापासून देतीय. पर सुखात न्हाई देत, शालन. मी विलासला..." त्या थांबल्या. "खोटा शब्द घालून आजवर कुणाच्या पोरीचं मंगलाष्टक केलं न्हाई. तुझं कसं करू?"

"मग दुसरा एखादा?"

"दुसरा एकच बसतोय तिथं. आणि तो म्हणायचा न्हाई, असं कबूल केलंय मी."

तो शब्द कुठला हे मी विचारलं नाही. मला तो तिथं बसलेला ऐकू येत होता. देते आज विलास-माय दुहिता. विलासची आई देतेय, लेक देतेय. इतकं साधं होतं आणि इतकं खरं. आणि तेवढंच वर्ज्य होतं.

डावा हात भरून झाला. पेटीतून शेवटची बांगडी निघेल म्हणून मी हात तसाच पुढे धरून बसले. आईंनी पेटी मिटली.

"राहू दे. उद्या."

"म्हणजे ओळ झाली नाही."

"होईल गं. मांडवात उभी राहीपर्यंत होईल."

रात्री मी पुन्हा विचारलं. सकाळी हळद उतरवून न्हाताना विचारलं. सकाळी आई म्हणाल्या, "झाली." पण डाव्या हातातली बांगडी त्यांनी घातली नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही, त्यामुळे ओळ झालेली नाही हे मला पक्कं कळलं. तरी मी शालू नेसले. कार्यालयात माणसं जमली होती, दादा नांदेडहून रजा काढून आला होता, आचाऱ्यानं बुंदी पाडली होती. बोहल्यावर उभी राहणार नाही असं म्हणणं सोपं असतं. मी उभी राहिले.

दादा आणि प्रभाकरचा एक चुलतभाऊ दोन बाजूंनी अंतरपाट धरून होते. पाटाच्या पलीकडे प्रभाकर, निळा कोट, मुंडावळ्या, हातात हार. मला पाटाखालून फक्त त्याच्या पायांची बोटं दिसत होती. भटजींनी सुरुवात केली. मग प्रभाकरच्या धाकट्या बहिणीनं एक म्हटलं, तिच्या नवऱ्यानं एक म्हटलं, त्यात त्यानं दोनदा घोटाळा केला आणि लोक हसले. प्रत्येकाच्या शेवटी अक्षतांचा पाऊस पडत होता. भटजी मनगटावरच्या घड्याळाकडे बघून मान हलवत होते. मुहूर्त जवळ येत चालला होता.

"आता शेवटचं," भटजींनी माइकवर सांगितलं. "मुलीच्या आई म्हणतील."

मुलीच्या आई, असं त्यांनी म्हटलं. कुणी शिकवलं होतं त्यांना, कोण जाणे.

आई पुढे आल्या. जांभळी नऊवारी, खांद्यावरून पदर, हातात माइक असा धरलेला की जणू लाटणंच. कार्यालयात कुजबुज झाली. चार वर्षांनी गोदामावशी मंगलाष्टक म्हणणार, हे करमाळ्याच्या माणसांना कळत होतं. वेणूआत्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या आईंकडे टक लावून बघत होत्या.

पहिली ओळ निघाली आणि कुजबुज थांबली. आवाज तोच होता, जुना, भरलेला. दुसऱ्या ओळीला माझ्या अंगावर काटा आला. तिसऱ्या ओळीत 'मनगटा त्या ये पुन्हा पालवी' आलं तेव्हा बायकांच्या बाजूनं कुणीतरी नाक ओढलं. मी डोळे मिटून घेतले.

"देते आज..."

आणि आई थांबल्या.

मी डोळे उघडले. त्यांचं तोंड उघडं होतं आणि आवाज निघत नव्हता. पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर येऊन उभा होता, हे मला दिसत होतं. तो म्हणावा तर कबुली मोडत होती. 'सुखात' म्हणावं तर त्यांची जीभ वळत नव्हती.

आता, मंगलाष्टकं आपल्याकडे कोण ऐकतं? मागच्या रांगांतल्या माणसांना शब्द ऐकू येत नाहीत, त्यांना फक्त आवाज थांबलेला कळतो. आवाज थांबला की अक्षता टाकायच्या, हे हाताला पाठ असतं. त्यात हे शेवटचं, आणि मागे बुंदीचा वास सुटलेला. आवाज थांबला तसे मागून मुठी सुटल्या. मागचे टाकतात म्हटल्यावर पुढच्यांनी टाकल्या. दाराबाहेर बँडवाले अक्षतांवर नजर ठेवून असतात, त्यांना तांदूळ उडालेले दिसले आणि एकदम धडाड करून ताशा सुरू झाला. ताशा वाजला म्हटल्यावर दादानं आणि चुलतभावानं अंतरपाट सोडून दिला.

पाट खाली पडला. टाळ्या वाजल्या. समोर प्रभाकर हार घेऊन उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मी आईंकडे बघत होते. त्यांनी माइक खाली केला होता आणि चेहरा असा झाला होता की जणू त्यांनीच कुणाचंतरी लग्न मोडलंय. त्या माझ्याकडे बघून 'असू दे' अशी मान हलवत होत्या. मला ते सोसेना. चार वर्षांनी उघडलेलं त्यांचं तोंड आता मिटलं तर पुन्हा उघडणार नव्हतं, एवढं मला कळत होतं. मी हातातला हार खाली घेतला.

"घाला, हार घाला!" लोक ओरडत होते.

प्रभाकर हलला नाही. त्यानं माझ्या नजरेचा माग काढला आणि वळून आईंकडे बघितलं. तिथं काय चाललंय हे त्याला कितपत कळलं होतं, मला माहीत नाही. दारात चपला घालताना त्यानं आत्याचं बोलणं ऐकलं होतं, आणि आता 'देते आज' ऐकलं होतं. त्यानं आपला हार बहिणीच्या हातात दिला आणि बँडवाल्यांकडे बघून हात वर केला. ताशा अडखळला, थांबला.

"मुहूर्त यायचाय अजून," तो म्हणाला.

त्याचा मोठा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"काय?" वेणूआत्या उठल्या.

प्रभाकरनं कोटाची बाही किंचित मागे केली, मनगटाकडे नजर टाकली आणि म्हणाला, "दोन मिनिटं आहेत. घाई झाली सगळ्यांची. आईंचं पुरं व्हायचंय."

घड्याळवाल्यानं वेळ सांगितल्यावर बोलणार कोण? लोक आपापल्या घड्याळांकडे बघू लागले. दोघातिघांनी तर आपलं घड्याळ पुढे गेलंय असं समजून काटे मागे घेतले. मी भटजींकडे बघितलं. त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, प्रभाकरकडे पाहिलं, आणि शांतपणे उपरण्याचं टोक मनगटावर ओढून घेतलं.

"अहो, पण पाट पडला की," चुलतभाऊ म्हणाला. "पडलेला पाट पुन्हा कसा धरायचा?"

तो आणि दादा एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. तेवढ्यात प्रभाकर वाकला आणि अंतरपाटाचं आपल्या बाजूचं टोक उचललं. दुसरं टोक माझ्या पायाशी पडलं होतं. नवरीनं ते उचलू नये असं कुठे लिहिलंय का, मला माहीत नव्हतं. मी हार दादाकडे दिला आणि ते टोक उचललं. आम्ही दोघांनी दोन टोकं धरून पाट आमच्यामध्ये उंच धरला.

हात वर गेले तशा माझ्या बांगड्या खळखळत कोपराकडे घसरल्या. आणि त्याच्या कोटाची बाही खाली सरकली.

मला त्याचं मनगट दिसलं. त्यावर हळकुंड बांधलेलं पिवळं कंकण होतं. घड्याळ नव्हतंच.

मी वळून आईंकडे बघितलं. त्या त्याच्या मनगटाकडे बघत होत्या. मग माझ्या मनगटाकडे बघितलं, जिथं डाव्या हाताला एक बांगडी कमी होती. मग पुन्हा त्याच्या.

"आई, म्हणा," पाटाच्या पलीकडून तो म्हणाला. आता आवाज पुन्हा हळू झाला होता. "जे येत असेल ते म्हणा."

आईंनी माइक तोंडाशी नेला नाही. त्याची गरजच पडली नाही.

"देते आज विलास-माय दुहिता, कुर्यात् सदा मंगलम्."

कार्यालयात एवढं शांत झालं की आचाऱ्याच्या भट्टीचा आवाज ऐकू आला. विलासचं नाव मांडवभर झालं होतं. अण्णा खांबाला टेकून उभे होते, ते खाली बसले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाट धरल्यामुळे ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. आणि कुणीही अक्षता टाकत नव्हतं. सगळे वेणूआत्यांकडे बघत होते.

वेणूआत्या उभ्याच होत्या. त्यांनी आईंकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं, मग आपल्या रिकाम्या मुठी उघडून बघितल्या.

"अगं बाई, बघत काय बसलाय सगळे?" त्या मागे वळून कडाडल्या. "अक्षता संपवून बसलात व्हय आधीच? आत जा कुणीतरी, आचाऱ्याकडनं तांदूळ घेऊन या! पोरांचे हात भरून आले की!"

एकजण धावला. भाताला काढलेले तांदूळ परातीतून आले, ना कुंकू, ना हळद, पांढरेशुभ्र. लोकांनी मुठी भरून घेतल्या. पहिली मूठ वेणूआत्यांनी टाकली, आणि ती आमच्यावर कमी आणि आईंवर जास्त पडली. ताशा वाजला. आम्ही पाट सोडला. मी या वेळी प्रभाकरकडे नीट बघून, मनापासून हार घातला.

जेवणं झाली. वेणूआत्या आईंच्या शेजारी पंगतीला बसल्या आणि त्यांच्या पानात बळेबळे दुसऱ्यांदा बुंदी वाढायला लावली. नावाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, त्या दिवशीही नाही आणि पुढे कधीही नाही.

उन्हं कलली तेव्हा जीप दाराशी आली. मी अण्णांच्या पाया पडले. मग आईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मध्येच माझा डावा हात ओढला. कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढली, उलगडली.

"ढिला सोड," म्हणाल्या.

या वेळी मी सोडला. बांगडी एका झटक्यात आत गेली. आईंनी ती बाकीच्यांशी जुळवली, एकदा मनगट फिरवून बघितलं आणि हात सोडून दिला. मग त्या प्रभाकरकडे वळल्या.

"जावईबापू, हात दावा."

त्यानं गोंधळून उजवा पुढे केला.

"तो न्हवं. घड्याळाचा."

त्यानं डावा हात दिला. आईंनी पाटावर बसलेल्या मुलींचा धरायच्या तसाच तो धरला, अंगठ्यानं मनगट चाचपलं.

"घड्याळ कुठं हाय?"

"दुकानात राहिलं. हळद लागू नये म्हणून काढलं होतं."

"मग दोन मिनिटं कुठनं काढलीत?"

शाळेत पकडलेल्या पोरासारखा तो खाली बघायला लागला. "मुहूर्त होऊन गेला होता, आई. भटजींनी नंतर सांगितलं मला."

"व्हय." आईंनी त्याचं मनगट थोपटलं. "मला दिसलं हुतं. घड्याळवाला माणूस, माझ्यासाठी मोकळ्या हातानं टाइम सांगतोय. म्हटलं, ह्याच्याम्होरं माझ्या पोराचं नाव घ्यायला भ्यायचं कशाला?"

 प्रभाकर वाकून त्यांच्या पाया पडला. आज इतकी वर्षं मी त्याच्याबरोबर संसार करतेय. आमची भांडणं होतात, दुकानातून तो वेळेवर जेवायला येत नाही, आणि महत्त्वाच्या वेळी गप्प बसायची त्याची सवयही गेलेली नाही. पण त्या गप्प बसण्याची भीती मला त्या दिवसानंतर कधी वाटली नाही.

जीप सुरू झाली. आई रडतील म्हणून मी मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. त्या पदर खोचून अण्णांना घाई करत होत्या.

"चला, दुकान उघडायचंय. तेल्याची पोरगी कवापासून पायरीवर बसली असंल, तिचं परवा लगीन हाय."

अण्णा अजून रस्त्याकडेच बघत होते. आईंनी त्यांची बाही ओढली.

"अहो, ऐकताय न्हवं? तुम्ही पुढं व्हा. आणि तिला नवऱ्याचं नाव इचारून ठेवा."